आधी प्लग काढ

वसमतला एप्रिलात
ओलं फडकं दोरीवर टाकून चिमटा शोधेपर्यंत
वाळून जातं.
तरी आम्ही ड्रायरवालं मशीन घेतलं, हप्त्यावर.
कामून, असं गल्लीनं विचारलंच.
धूळ लई येते हो, मी म्हणलं.

धुळीचं खोटं नव्हतं.
पण रोज सकाळी चार चादरी दोरीवर दिसल्या की
गल्ली हिशेब लावते.
घरात लहान लेकरू नाही.
म्हणजे अण्णा.

म्हणून पहाटे, उजाडायच्या आत,
ड्रायरमधनं गरगरीत पिळून काढायच्या,
आतल्या खोलीत पंख्याखाली टाकायच्या,
चहा होईस्तोवर कडक.
अण्णांना याचं काय वाटतं
मी विचारलं नाही.

मंगळवारी ड्रायर बसला.
नुसता गुंऽऽ करतो, फिरत नाही.
मोंढ्यातला मुनीर म्हणाला, आठ दिवस लागतील ताई,
कूलर अंगावर आलेत.

खाटेवरून हाक आली.
तीस वर्षं लाईनमन, हट्ट्याच्या फीडरवर.
कमरेखालचा फेज गेलाय, असं ते स्वतःच सांगतात
आणि हसतात, आपल्याला हसता येत नाही.
कान मात्र अजून ड्युटीवर.

"गुंऽऽ करतोय ना, म्हणजे करंट पोचतोय.
झाकण लावल्यावर ब्रेक सुटायला पाहिजे, तो सुटत नसंल.
नाहीतर खाली काहीतरी अडकलंय.
थांब. आधी प्लग काढ.
काढला म्हणून सांगू नको. माझ्या हातात दे."

एक्स्टेन्शन त्यांच्या उशाशीच लागतं,
तिथून मोरीपर्यंत वायर.
प्लग त्यांनी मुठीत घेतला, पिना आतल्या बाजूला,
लेकराच्या हातून काढून घेतलेली कात्री धरावी तसा.
"हं. आता घाल हात."

मागचं पान, सहा स्क्रू, सहावा गंजलेला.
आत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर,
नखानं खरवडला तर खडूसारखा.
"लिंबूसत्त्व टाकून महिन्याला एकदा रिकामं फिरवायचं," खाटेवरून.
"आणि तो डबा दिसतो का, कपॅसिटर?
त्याला शिवू नको.
प्लग काढला तरी तो आतल्या आत धरून बसतो."

मी शिवले नाही.

टपाच्या खाली दांड्याला
तीन वेढे घट्ट बसलेली नाडी निघाली,
पायजम्याची, निळ्या पट्ट्यांच्या.
ओढली तर तुटेना, ब्लेडनं कापली.

"काय निघालं?"
ब्रेकची तार ढिली होती, मी म्हणलं.
तीही होतीच, अर्धं बोट.
"आवळ मग. पण लई नको.
आणि कपडे एका अंगाला कोंबत जाऊ नको, नाचतं मशीन.
सारखे पसर, वरून चकती दाब."
नाडी मी ब्लाउजात खोचली.

झालं, अण्णा. द्या प्लग.

दिला नाही.
"माय, आज चादरी गच्चीवर टाक.
उन्हाला काय मीटर आहे का?"

धूळ येते, मी म्हणलं.

"धूळ," ते म्हणाले,
आणि माझ्याकडं असं बघितलं
जसं आकडा टाकलेल्या घरात चहा पिताना बघत असतील:
सगळं माहीत,
कप हातात.

वर वारं सुटलेलं.
शेजारच्या गच्चीवर सूर्यकांताबाई कुरडया घालत होत्या.
मोजल्या असतील त्यांनी. चार.
मग कठड्यावरून एक डबा सरकवला,
चिमट्यांचा,
"उडतेत बरं आज," एवढंच म्हणल्या
आणि सोऱ्यात परत चीक भरला.

ड्रायर चालू झाला का नाही
संध्याकाळपर्यंत कळलं नाही.
खाली आले तर अण्णा झोपलेले,
प्लग मुठीतच.